मर्लिन : जादूला बंदी असलेल्या राज्यातला जादूगार

गोदाकाठची

माझं म्हणजे वरातीमागून घोडं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. बीबीसीची 'मर्लिन' ही मालिका कोणी पाहिली आहे का? २००८ ते २०१२, पाच सीझन, ६५ भाग. सध्या आमच्या घरात दुसरा विषय नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅमेलॉटचा राजा उथर. त्याच्या राज्यात जादू करणाऱ्याला देहदंड. अशा राज्यात मर्लिन नावाचा एक काडीपैलवान पोरगा खेड्यातून येतो, आणि हा जन्मजात जादूगार! आल्या आल्या त्याचं युवराज आर्थरशी भर चौकात वाजतं. भागाच्या शेवटी तो त्याच आर्थरचा जीव वाचवतो, आणि राजा खूश होऊन बक्षीस काय देतो, तर आर्थरच्या नोकराची जागा. पुढे पाच सीझन हा गडी चिलखतं घासतो, तबेला साफ करतो, आर्थरची बोलणी खातो आणि वर त्यालाच मरणाच्या दारातून परत आणतो. श्रेय आर्थरच्या तलवारीला, नाहीतर नशिबाला.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमची बैठक जमते: मी, नववीतला भाचा आणि सासूबाई. त्यांना ते इंग्रजी उच्चार झेपत नाहीत, म्हणून मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगते. उथरबद्दल त्यांचं मत: "हिरण्यकश्यपू आहे मेला. घरातच प्रल्हाद वाढतोय आणि हा गावभर शोधतोय." त्यांना तर तेव्हा मॉर्गानाचं काही माहीतही नव्हतं! (मॉर्गाना म्हणजे उथरने सांभाळलेली मुलगी. तिची भानगड पुढे कळते.)

मला सगळ्यात जास्त मजा तलवारीच्या प्रकरणात आली. आर्थर राजाच्या जुन्या ब्रिटिश दंतकथांत दोन तलवारी आहेत. एक दगडातून उपसायची, जो उपसेल तो राजा. दुसरी तळ्यातल्या बाईने दिलेली. मॅलरी नावाच्या इंग्रज लेखकाच्या पंधराव्या शतकातल्या ग्रंथात पहिली तलवार लढाईत मोडते, मग दुसरी मिळते. मालिकेत एकच एक्सकॅलिबर. ग्वेनचा (म्हणजे आर्थरच्या पुढे होणाऱ्या राणीचा) लोहार बाप ती घडवतो, ड्रॅगन तिच्यावर आगीची फुंकर घालतो, मर्लिन ती तळ्यात फेकतो, पुढे बाहेर काढून जंगलातल्या दगडात रोवतो. आणि चौथ्या सीझनच्या शेवटी राज्य गमावून हताश झालेल्या आर्थरला सांगतो की ही बघ, पूर्वापारपासूनची तलवार, खऱ्या राजालाच निघते. म्हणजे ही दंतकथा मर्लिनने जागच्या जागी रचलेली. चक्क थाप! मी टाळीच वाजवली.

स्पॉयलर सगळीकडे आहेत, पण आर्थर शेवटी मरतो हे कित्येक शतकं जगाला ठाऊक आहे, त्यामुळे ओरडू नका. चला, बोला आता.

सिडकोवासी

+१००. ड्रॅगनचा आवाज जॉन हर्टचा आहे, तेवढ्यासाठी तरी पाहाच. त्याचे ग्राफिक्स मात्र... असो. माझा आवडता म्हणजे म्हातारा राजवैद्य गायस. भुवईवर अभिनय करतो तो माणूस.

मिसळ_तर्री

ताई, सासूबाईंचा वेगळा धागा काढा.

जुनीपोथी

आनंदावर विरजण घालायची इच्छा नाही, पण कोणीतरी बोललं पाहिजे.

मी मॅलरी वाचलाय. १४६९-७० च्या सुमारास तुरुंगात बसून त्याने तो पुरा केला, १४८५ मध्ये कॅक्स्टनने छापला. तिथला मर्लिन बुजुर्ग, गूढ, राजाच्या जन्माआधीपासून सूत्रं हलवणारा. त्याला आर्थरच्या वयाचा पोरगा करायचं म्हणजे वसिष्ठांना रामाच्या शेजारच्या बाकावर बसवायचं. आर्थरचा शिलेदार लान्सलॉट तिथे राजपुत्र, इथे भणंग. ग्वेनेव्हिअर राजकन्या; इथे मॉर्गानाची दासी.

हेही चालवून घेतो. पण मॉर्ड्रेड? मॅलरीत मॉर्ड्रेड हा आर्थरचा स्वतःचा मुलगा, सावत्र बहिणीपासून अजाणता झालेला. मर्लिन भाकीत करतो की मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेला तुझा काळ ठरेल. तर हा थोर राजा काय करतो? त्या दिवशी जन्मलेली सरदारांची मुलं गोळा करून जहाजात घालतो आणि समुद्रात सोडून देतो. कंसाचं काम! त्यातून वाचलेला एक पोरगा मोठा होऊन बापाला मारतो. कॅमेलॉट बुडतं ते राजाच्या पापाने. मालिकेने ते पापच धुऊन टाकलं. मग उरलं काय, चिलखतं घासणं?

गोदाकाठची

काका, शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब बघायची मालिका होती ती. बहिणीपासून झालेला मुलगा कुठे दाखवणार? "उरलं काय" हा प्रश्न मात्र बरोबर विचारलात. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण आत्ता गॅसवर कुकर आहे. रात्री लिहिते.

त्रिरश्मी

जुनीपोथी, 'मूळ' नक्की कुठलं धरायचं?

मॅलरीच्या तीनशे वर्षं आधी, ११३६ च्या आसपास, मॉनमथच्या जेफ्रीने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांची बखर लिहिली. त्यात मर्लिन पहिल्यांदा येतो तो पोरगाच. वोर्टिगर्न राजाचा बुरूज दिवसभर बांधला की रात्रीत ढासळतो. त्याचे मांत्रिक सल्ला देतात, बिनबापाच्या मुलाचं रक्त पायावर शिंपडा. (आपल्याकडे किल्ल्याच्या नाहीतर धरणाच्या पायात बळी दिल्याच्या गोष्टी गावोगाव आहेतच.) शिपाई मर्लिनला धरून आणतात. हा म्हणतो, खणा, खाली तळं आहे, त्याच्या तळाशी दोन ड्रॅगन झोपलेत. खणतात तर खरंच, एक तांबडा, एक पांढरा, आणि दोघांची जुंपते.

आता मालिकेतला ड्रॅगन कुठे आहे? किल्ल्याच्या पायाखाली, साखळदंडाने जखडलेला. आणि मर्लिन? त्याला बाप कोण ते ठाऊक नाही. लेखकांनी पोथी उघडून मग ती बाजूला ठेवली आहे, न उघडता नाही.

आणखी ऐका. जेफ्रीच्या बखरीत मर्लिन आणि आर्थर एकमेकांना भेटतच नाहीत. मर्लिन आर्थरच्या जन्माची व्यवस्था लावून देतो आणि पुस्तकातून गायब. गोलमेज ११५५ मध्ये वास नावाच्या कवीने आणलं. ग्वेनेव्हिअरवर जीव टाकणारा लान्सलॉट त्याच्यानंतर, फ्रेंच कवी क्रेतिएं द त्रॉयने. जेफ्रीच्या वाचकाला मॅलरी दाखवला असता तर त्याने विचारलं असतं, हा लान्सलॉट कोण उपटसुंभ?

सिडकोवासी

ड्रॅगनचं हे माहीतच नव्हतं. भारी. कडक.

जुनीपोथी

त्रिरश्मी, माहिती चोख आहे, निष्कर्ष पटला नाही. वास असो की क्रेतिएं, त्यांनी भर घातली. मालिकेने वजाबाकी केली आहे. लेकीकडून कळलं की ग्वेन लान्सलॉटकडे ओढली जाते तीही जादूच्या कांकणामुळे, आणि तो लान्सलॉटही मेलेला, मॉर्गानाने उठवलेला! म्हणजे तिचा दोष नाही, त्याचा नाही, आर्थरचा तर नाहीच. सगळं मंत्रावर ढकललं की माणसं कोरडी राहतात. मॅलरीतली माणसं एकमेकांवर मनापासून प्रेम करतात आणि त्यानेच सगळं उद्ध्वस्त होतं. हे मोठं आहे.

तपोवनवाली

कांकणाच्या बाबतीत काकांना अनुमोदन. तो भाग मलाही खटकला.

पण "सगळं मॉर्गानावर" ह्यावर थांबा जरा. पहिले दोन सीझन तिच्याकडे बघा. तिला पुढचं दिसणारी स्वप्नं पडतात, झोपेतून किंचाळत उठते, खोलीतल्या मेणबत्त्या आपोआप भडकतात. ज्याने तिला मुलीसारखं वाढवलं तो राजा असल्याच गोष्टींसाठी लोकांना मारतोय. गायसला सगळं कळलेलं असतं, तो तिला झोपेचं औषध देत राहतो. मर्लिनलाही कळलेलं असतं. तो कळवळतो, मदतही करतो, पण "मीही तुझ्यासारखाच आहे" हे एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.

मी तपोवनाच्या बाजूला राहते. लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय त्या मूर्तीपुढे लोक हसत फोटो काढतात. बाहेरगावचे पाहुणे आले की मीच त्यांना घेऊन जाते, त्यामुळे मी काही वेगळी नाही. पण मॉर्गाना पाहिल्यावर परवा तिथे उभी असताना काहीतरी टोचलं खरं.

तक्रार एकच. तिसऱ्या सीझनपासून तिला नुसतं खांबाआडून छद्मी हसायला लावलंय. दोन सीझनांमध्ये वर्ष उलटलेलं दाखवतात आणि बाई एकदम खलनायिका. तो प्रवास आम्हाला बघायचा होता ना! अभिनेत्री गुणी आहे, लिखाणाने दगा दिला.

गोदाकाठची

तपोवनवाली, माझं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंत. उरलेलं लिहिते.

काका, पाप धुतलेलं नाही. ते आर्थरच्या खांद्यावरून काढून मर्लिनच्या खांद्यावर ठेवलंय.

दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे अख्खं कॅमेलॉट झोपी जातं. त्या मंत्राचं मूळ मॉर्गानात रोवलेलं असतं, आणि हे तिला स्वतःलाच माहीत नसतं. ती जिवंत असेपर्यंत मंत्र तुटणार नाही. मर्लिन पाण्याच्या कातडी पिशवीत विष घालतो आणि तिच्या हातात देतो. मैत्रिणीला! ती घोटभर पिते, तिला कळतं, ती त्याच्याकडे बघते. तो तिला धरून रडतो. ती वाचते, पण ती नजर पुढची सगळी वर्षं पुरते. आमच्याकडे तेव्हा कोणीच काही बोललं नाही. नाहीतर सासूबाईंचं समालोचन अखंड चालू असतं.

आणि पाचव्या सीझनमधला तो दिसिरांचा भाग. मॉर्ड्रेड मरणाच्या दारात. (इथे मॉर्ड्रेड म्हणजे लहानपणी आर्थर-मर्लिननेच वाचवलेला ड्रुइड, म्हणजे जादूचा जुना धर्म पाळणाऱ्यांतला मुलगा, आता आर्थरचा निष्ठावान शिलेदार.) जुन्या धर्माच्या तीन म्हाताऱ्या आर्थरला सांगतात, जादूला राज्यात जागा दे. आर्थरचं मन वळू लागलेलं असतं. रात्री शेकोटीपाशी तो चक्क आपल्या नोकराला विचारतो, तुला काय वाटतं? ज्या एका प्रश्नाची मर्लिन इतकी वर्षं वाट बघत होता तोच. आणि मर्लिन म्हणतो, कॅमेलॉटमध्ये जादूला जागा नाही. का? तर हो म्हटलं तर मॉर्ड्रेड जगेल, आणि मॉर्ड्रेडच्या हातून आर्थर मरणार हे त्याला माहीत आहे. आपल्या सगळ्या जातभाईंना तो एका वाक्यात विकतो. परत येतात तर मॉर्ड्रेड ठणठणीत, पायऱ्या उतरून मिठी मारायला हजर. नकार हाच निवाडा होता!

पुढे मॉर्ड्रेडचं प्रेम असलेल्या ड्रुइड मुलीला आर्थर फाशी देतो, आणि तो मॉर्गानाला जाऊन मिळतो. मर्लिनने आयुष्यभर भाकीत टाळायला जे जे केलं त्या त्या विटेने ते भाकीत बांधलं गेलं. मॅलरीचा आर्थर मुलं समुद्रात सोडतो, हा मर्लिन पाण्यात विष घालतो. दोघांनाही येणारा काळ आधीच कोणीतरी सांगून ठेवलाय आणि दोघंही त्या भीतीपोटी निरपराधावर हात टाकतात. शोकांतिका तीच आहे काका, फक्त वेगळ्या दाराने आत आली आहे.

मिसळ_तर्री

ताई, कुकर गॅसवर विसरलात तरी चालेल, लिहीत राहा.

जुनानाशिककर

मालिका पाहिली नाही, बघेनच असंही नाही. पण वर कोणीतरी ड्रॅगनच्या ग्राफिक्सला नाक मुरडलंय म्हणून लिहितो.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंका दहन' काढला, त्यात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकच माणूस! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. ज्याला गोष्ट आधीच पाठ आहे त्या प्रेक्षकाला कालिया हुबेहूब सापासारखा हवा असं नसतं. काळारामाच्या मंडपात कीर्तनाला बसलेल्यांना सीताहरण होणार हे माहीत नसतं का? तरी बुवांनी सोनेरी हरीण रंगात आणलं की माना पुढे होतातच.

सिडकोवासी

मुद्दा मान्य काका, पण फाळक्यांकडे बीबीसीचं बजेट नव्हतं :)

परदेशस्थ_पंचवटीकर

जन्म पंचवटीतला, सध्या इंग्लंडात. थोडी भर घालतो.

विंचेस्टरच्या जुन्या दरबार-दालनात भिंतीवर 'आर्थरचं गोलमेज' टांगलेलं आहे. ओकचं, साडेपाच मीटर व्यासाचं, वजन १,२०० किलोच्या घरात. मधोमध ट्यूडर राजघराण्याचा गुलाब, कडेने शिलेदारांची नावं. खाली उभं राहिलं की मान दुखते आणि अंगावर काटाही येतो. लाकडाच्या वयावरून ते तेराव्या शतकातलं ठरलंय, आणि रंगरंगोटी आठव्या हेन्रीच्या काळातली. आर्थर असलाच तर पाचव्या-सहाव्या शतकातला. म्हणजे राजांनाही ह्या गोष्टीचं नाटक मांडून बसायची हौस होती.

ग्लास्टनबरीची गंमत तर त्याहून मोठी. ११८४ मध्ये तिथला मठ आगीत खाक झाला. बांधकामाला पैसा हवा. ११९१ मध्ये साधूंनी जाहीर केलं की आवारात आर्थर आणि ग्वेनेव्हिअरची कबर सापडली. यात्रेकरूंची रीघ लागली. आजही तिथे पाटी आहे आणि लोक पाटीजवळ गप्प उभे राहतात. मीही राहिलो.

मालिकेतला किल्ला फ्रान्समधला पिएरफोंचा. मूळ साधारण १४०० सालच्या आसपासचा, पुढे पाडलेला. तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमावरून १८५७ पासून व्हिओले-ल-द्यूक नावाच्या वास्तुकाराने तो पुन्हा उभारला, बराचसा आपल्या कल्पनेने. तेव्हा कॅमेलॉट म्हणून आपण बघतो ते एकोणिसाव्या शतकाने पाहिलेलं मध्ययुगाचं स्वप्न आहे.

त्रिरश्मी

ग्लास्टनबरीवरून आपली पांडवलेणी आठवली. २४ लेणी, मुख्यतः बौद्ध. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगणारा. दहाव्यात नहपानाचा जावई उषवदात ह्याने दिलेल्या दानांची यादी. दगडावर कोरलेली इतकी धडधडीत नावं असताना लोकांनी तिथे पांडव राहायला आणलेच. पायथ्याशी फाळके स्मारक, वर पांडव नसलेली पांडवलेणी. मी शाळेच्या मुलांना घेऊन जातो तेव्हा सगळं समजावून सांगतो. उतरताना एखादा हमखास विचारतो, सर, भीमाची खोली कुठली?

मिसळ_तर्री

कुठली मग?

त्रिरश्मी

हाहा. सगळ्यात मोठी दिसेल ती.

मिसळ_तर्री

धागा वाचून बघायला घेतली आणि अधाशासारखी संपवली. झोपेचं खोबरं.

मला शेवट हवा होता तसा मिळाला नाही. इतकी वर्षं लपवलेलं गुपित आर्थरला कळतं कधी, तर मरायला टेकल्यावर. मला वाटलं होतं कळेल, मग एक अख्खा सीझन दोघं मिळून राज्य करतील, जादूवरची बंदी उठेल. ते वचन पहिल्या भागापासून ड्रॅगन देत होता! तरी ते दोन दिवसांचं जंगल, आर्थरचा आधी राग, मग गप्प राहणं, आणि शेवटी त्याने नोकराचे मानलेले आभार... मान्य, डोळ्यांत पाणी आलं. पण फसवणूक वाटली ती वाटलीच.

आणि तो अगदी शेवटचा शॉट. आजचा काळ, डांबरी रस्ता, ट्रक जातोय आणि कडेने पांढऱ्या दाढीचा मर्लिन पाठीवर ओझं घेऊन चाललाय, आर्थर परत येण्याची वाट बघत. अश्वत्थामाच झाला की त्याचा. फरक एवढाच की ह्याला शाप कोणी दिला नाही.

तपोवनवाली

अश्वत्थामा नर्मदेकाठी तेल मागत फिरतो म्हणतात. हा पुढच्या सिंहस्थाला रामकुंडावर आला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, दाढी-झोळीचे गोरे बाबा तिथे पुष्कळ.

गोदाकाठची

तर्री, फसवणूक मलाही वाटली. पण आर्थर परत येणार ही समजूत मॅलरीतही आहे. त्याच्या थडग्यावर लिहिलंय म्हणे, एकदाचा राजा आणि पुढे होणारा राजा. ट्रकवाला शॉट त्या ओळीवरच बेतलाय. म्हणून मी तो माफ केला. जादूवरची बंदी पडद्यावर उठलेली न दाखवणं मात्र माफ नाही. दोन मिनिटांचा प्रसंग, ग्वेन राणी म्हणून सिंहासनावर बसतेच आहे, तिच्या तोंडी एक हुकूम घातला असता तर काय बिघडलं असतं?

सासूबाईंना शेवटचा भाग अजून दाखवलेला नाही. भाच्याची सहामाही संपली की एकत्र बघायचं ठरलंय. त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय, "शेवटी वाईट झालं तर मला उगाच गोड करून सांगू नकोस."

जुनीपोथी

लेकीने मागे लागून दुसऱ्या सीझनपर्यंत बघायला लावलं. विषाचा प्रसंग पाहिला. त्यावर भांडण नाही.

बाकी आक्षेप कायम. पाचव्या-सहाव्या शतकातल्या राजाच्या अंगावर पंधराव्या शतकातलं पोलादी चिलखत आहे. (मॅलरीनेही आपल्याच काळातली चिलखतं चढवली होती हे सांगायला त्रिरश्मी येतीलच, मला ठाऊक आहे.) लान्सलॉट अजूनही पटलेला नाही. आणि त्या उथरने आता डोकं उठवलंय. तो कधी मरतो तेवढं सांगा.

गोदाकाठची

चौथ्या सीझनचा तिसरा भाग. धीर धरा काका.